बद्रीनाथ सचिवांचं तळं

हिवरकड्याच्या दूध संस्थेचे सचिव बद्रीनाथ यांना तळं मिळालं, ही बातमी गावभर व्हायला एक सकाळ पुरली. ते तळं मोबाइलमध्ये आहे हे समजायला मात्र बरेच दिवस गेले, आणि समजल्यावरही निम्म्या गावाने ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. तळं म्हणजे तळं, ते कुठे का असेना.

दोष कुणाला द्यायचाच तर म्हशींना द्यावा लागेल. एकोणीस सालच्या त्या उन्हाळ्यात लिंबागणेशच्या अलीकडच्या सगळ्या विहिरी आटल्या आणि गावातली जनावरं मालकांसह चारा छावणीत मुक्कामाला गेली. त्यांचं जे काही दूध निघायचं ते छावणीतच गोळा व्हायचं. गावातल्या संकलन केंद्रावर उरलं ते फॅट मोजायचं यंत्र, रिकामे कॅन आणि बद्रीनाथ सचिव. पण केंद्र दोन्ही वेळेला उघडं ठेवायचं असा नियम होता, आणि दूध नसेल तर उघडू नये असं नियमात कुठेही म्हटलेलं नव्हतं. तेव्हा बद्रीनाथ इस्त्रीचा सदरा घालून, खिशाला पेन लावून वेळेवर कुलूप काढायचे, यंत्रावरची धूळ झटकायचे आणि न येणाऱ्या दुधाची वाट बघत बसायचे. दूध संस्थेचा सचिव म्हणजे काही लहानसहान माणूस नव्हे. गावातल्या समस्त म्हशींची इज्जत त्याच्या हातात असते. पण म्हशीच नसतील तर त्या हातांनी करायचं काय?

अशाच एका रिकाम्या दुपारी, पुण्याच्या लेकीने दिलेल्या मोबाइलवर ते सोयाबीनचे भाव बघत असताना मध्येच एक जाहिरात आली. हिरव्यागार कड्यावरून धबधबा कोसळतोय आणि खाली एक दाढीवाला म्हातारा हातात काठी घेऊन उभा आहे. पत्र्याच्या त्या खोलीत ऊन नुसतं भाजत होतं. बद्रीनाथांनी बोट पुढे केलं आणि धबधब्याला लावलं. बोट लावलं ते पाण्याला, खेळाला लावलंच नव्हतं, असं त्यांनी पुढे आपल्या पत्नीला, मुक्ताबाईंना, पुष्कळदा सांगून पाहिलं.

खेळाचं नाव इंग्रजीत होतं आणि जिभेला दमवणारं होतं, तेव्हा आपण त्याला नुसतं खेळच म्हणू. एक मायावी मुलूख. जगभरातली हजारो माणसं आपापल्या घरून त्यात एकाच वेळी शिरतात. कुणी योद्धा होतं, कुणी जादूगार होतं. राक्षस मारायचे, टोळ्या करायच्या, एकमेकांशी बोलत बोलत लढायचं. आत शिरताना नाव द्यावं लागतं. बद्रीनाथांनी आपलं नाव टाकलं, तर खेळाने सांगितलं की या नावाचा योद्धा अगोदरच आहे. पन्नाशी ओलांडल्यावर, निष्कलंक नोकरी केल्यावर, आपल्या जागी दुसराच कुणी बद्रीनाथ बसलेला आहे हे कळणं सोपं नसतं. त्यांनी पाणी प्यायलं, चष्मा पुसला आणि नावापुढे 'सचिव' जोडलं. हे मात्र जगात दुसऱ्या कुणाला सुचलेलं नव्हतं.

आता या मुलखातल्या त्यांच्या सुरुवातीच्या अनुभवांबद्दल फार बोलू नये. पहिल्याच फेरीला वेशीबाहेर त्यांना एका डुकराने मारलं. दुसऱ्या फेरीला त्याच डुकराने मारलं. तिसऱ्या फेरीला एका सभ्य गृहस्थाने तलवारीला धार लावून देतो म्हणून तलवार मागितली, ती यांनी "आपला आभारी आहे" म्हणून दिली, आणि तो सभ्य गृहस्थ पुन्हा त्या मुलखात कुणाला दिसला नाही. बद्रीनाथ त्या वेशीवर त्याची वाट बघत तासभर उभे राहिले. डुक्कर तिथेच होतं.

शेवटी त्यांनी शेजारच्या पंडितरावांचा सल्ला घेतला. पंडितराव हे निवृत्त तलाठी. त्यांना न विचारताही सल्ला मिळायचा, विचारल्यावर तर बघायलाच नको.

"तलवारीचं काम तुमचं न्हाई," पंडितराव म्हणाले. "तुमी वैद्य व्हा. वैद्याला कुणी मारीत नसतं. निजामाच्या काळात बी वैद्याला कुणी हात लावीत नव्हतं."

निजामाच्या काळात पंडितरावांचा जन्मही झालेला नव्हता, पण बद्रीनाथ वैद्य झाले. पांढरी दाढी, लांब झगा, हातात काठी. काठी फिरवली की जखमी माणूस बरा व्हायचा. आणि इथे बद्रीनाथांच्या हातून तो प्रमाद घडला, जो हयातभर दूध मोजलेल्या माणसाच्याच हातून घडू शकतो. एका टोळीबरोबर ते राक्षसावर चालून गेले. राक्षस आग ओकत होता, माणसं धडाधड पडत होती, सगळे एकदम ओरडत होते, "सचिव, मला! सचिव, इकडे!" आणि बद्रीनाथ शांतपणे म्हणाले, "गर्दी करू नका. रांगेत या. ज्यानं आगूदर हाक मारली त्याचा आगूदर नंबर."

त्या दिवशी ती टोळी रांगेत उभी राहून मेली.

त्यांना फार बोलणी बसली. एक साताऱ्याचा होता, तो तर सभ्य माणसाने ऐकू नये असं बोलला. पण दोनचार जणांना त्या रांगेची गंमत वाटली, ते दुसऱ्या दिवशी आले, आणि आश्चर्य असं की, रांगेची सवय झाल्यावर कुणी मरेना. पाळीपाळीने पुढे जायचं, मार खायचा, मागे यायचं, काठी फिरवून घ्यायची, पुन्हा रांगेच्या शेवटी. राक्षसाला असला शिस्तबद्ध मार खायची सवय नव्हती. माणसं वाढत गेली. जळगावची आली, हिंगोलीची आली, एक व्हिएतनामचा आला. त्याला मराठी येत नव्हती, पण रांग समजत होती. बद्रीनाथांनी रीतसर मंडळ स्थापन केलं. ठराव असायचे, ठरावाला सूचक आणि अनुमोदक असायचे. सभेला गणपूर्ती नसली तर सभा अर्धा तास तहकूब व्हायची आणि मग त्याच जागी, असतील तेवढ्यांत भरायची. बाकीच्या टोळ्या त्यांना हसायच्या. आणि एका रविवारी या हसण्यासारख्या मंडळाने लढून तळं जिंकलं.

त्या मुलखाचा कायदा असा होता की तळं ज्या मंडळाचं, त्याचीच माणसं काठावर पाय ठेवू शकतात. बाकीच्यांनी डोंगरावरून बघायचं.

बद्रीनाथ पहिल्यांदा तळ्यावर गेले तेव्हा बाहेर दुपारचे चार वाजले होते. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. पत्रा तडतडत होता. आणि मोबाइलमध्ये संध्याकाळ होती. तळ्यावर नेहमी संध्याकाळच असायची. निळं, गच्च भरलेलं, पार पलीकडच्या झाडांच्या मुळांना लागलेलं पाणी. मध्येच एखादा मासा उडायचा. त्यांनी वैद्याला घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसवलं. पाण्यात पाय सोडले की घोट्याभोवती बारीक वर्तुळं उठायची, मोठी व्हायची आणि विरून जायची. ज्या कुणी परदेशी माणसाने ही वर्तुळं केली असतील त्याला बद्रीनाथांनी मनातून आशीर्वाद दिला. मग आवाज वाढवून मोबाइल कानाशी धरला. पाणी पायरीला लागत होतं, मागे सरत होतं, पुन्हा लागत होतं. किती वेळ गेला त्यांना कळलं नाही. केंद्राला कुलूप लावायची वेळ टळून गेली होती, आणि असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

मग ते रोज जाऊ लागले. राक्षस मारायचं त्यांनी जवळजवळ सोडूनच दिलं. नुसतं जायचं आणि बसायचं.

मुक्ताबाईंनी आधी चिडून पाहिलं. "टँकरच्या रांगीत मी मरायली, आन तुमी कावून हसायलाव त्या डबड्यात बघून?" मग एकदा त्या चिडून जवळ आल्या, बघितलं, आणि तशाच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी टँकरची वाट बघणाऱ्या बायका हंडे ठेवून केंद्रात आल्या. मोबाइल फॅटच्या यंत्राला टेकवून ठेवला. बायका खाली बसल्या.

त्यांच्यात छबुबाई म्हणून एक म्हातारी होती. तिने बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "एवढं पानी हाय, आन एक म्हस न्हाई? कसलं मेलं तळं हे!"

बद्रीनाथांना हे लागलं. खरोखरच लागलं. दूध संस्थेच्या सचिवाच्या तळ्यावर म्हैस नसावी? खेळात घोडे होते, सिंह होते, पंखवाले सरडे होते, पण म्हैस कुणी आणलेलीच नव्हती. त्यांनी मंडळाची सभा बोलावली. माणसं दाही दिशांना गेली. अखेर त्या व्हिएतनामच्या गड्याने दूर दलदलीतून एक काळं, वाकड्या शिंगांचं जनावर पकडून आणलं. ते मुळात लढाईचं जनावर होतं, नाकातून धूर सोडायचं. पण पाण्यात सोडल्यावर ते मानेपर्यंत आत गेलं, डोळे मिटून बसलं आणि धूर बंद झाला.

"आता कसं!" छबुबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिची म्हैस लेकाबरोबर छावणीत होती, आणि म्हशीला तिकडे जाऊन बरेच दिवस झाले होते.

इथपर्यंत सगळं स्वप्नासारखं चाललं होतं. पण गावात कुणाचं काही बरं चाललंय आणि ते सुंदररावांच्या कानावर जात नाही, असं कसं होईल? सुंदरराव हे दूध संस्थेचे चेअरमन. ते सोसायटीचेही चेअरमन होते, पतसंस्थेचेही होते, भजनी मंडळाचेही होते, आणि त्यांना गाता येत नव्हतं. एके सकाळी जीप केंद्रासमोर थांबली.

"बद्रीनाथ, तू मने मंडळ काडलंस?"

"व्हय नाना. म्हंजी, खेळातलं हाय."

"चेअरमन कोन हाय बे?"

बद्रीनाथांनी खाली बघितलं. "सध्या मीच हाव."

सुंदररावांनी नुसता गॉगल काढून पुसला. सुंदरराव रागावले की बोलत नसत, पुसत असत. गेली वीस वर्षं ते बोलायच्या आत बद्रीनाथ ठराव लिहीत आलेले होते. सभेच्या आदल्या दिवशीच 'सर्वानुमते मंजूर' असं लिहून मोकळे व्हायचे, उगीच सभेत वेळ जायला नको म्हणून. त्याच सवयीने त्यांनी सुंदररावांच्या मोबाइलमध्ये खेळ घालून दिला, त्यांना मंडळात घेतलं आणि अध्यक्षपद त्यांच्या नावावर करायला बोट पुढे केलं. खेळाने विचारलं, मंडळाचं अध्यक्षपद सोडायची तुमची खात्री आहे का? बद्रीनाथांनी 'हो' दाबलं. खेळाने पुन्हा विचारलं, नक्की? 'हो'. तिसऱ्यांदा विचारलं. बद्रीनाथांना आयुष्यात हा प्रश्न एवढ्या अगत्याने कुणी विचारला नव्हता. त्यांना क्षणभर भरून आलं. आणि त्यांनी 'हो' दाबलं.

सुंदररावांचा योद्धा पहिल्या पायरीचा, अंगावर नुसतं पोतं. त्याला चालता येत नव्हतं. तो आठवडाभर किल्ल्याच्या भिंतीला तोंड लावून जागच्या जागी चालत होता. तरी अध्यक्ष म्हणून तळ्याच्या दरवाजाची किल्ली त्याच्याकडे होती. आणि अध्यक्षांना खेळता येत नसलं तरी फोन करता येत होता. नगरकडच्या एका मोठ्या मंडळाचा तळ्यावर डोळा होता, ते येत्या रविवारी दुपारी चालून येणार होते. सुंदररावांनी त्यांच्या म्होरक्याशी परस्पर बोलणी केली. तळं त्यांना सोडायचं, बदल्यात सुंदररावांना त्यांच्या मंडळात उपाध्यक्ष करायचं. लढाई नाही, खर्च नाही, आणि मंडळ आपल्यापेक्षा चौपट मोठं. कुठल्याही जाणत्या पुढाऱ्याने हेच केलं असतं.

बद्रीनाथांना हे मंडळातल्या कुणाच्या तरी निरोपावरून रविवारी दुपारीच कळलं, तेही अर्धवट, कारण त्या दिवशी केंद्रात रेंज येईना. अशा वेळी हिवरकड्यात एकच जागा होती. गावाची पाण्याची टाकी वर्षभर कोरडी होती, पण तिच्या माथ्यावर रेंज तुडुंब भरलेली असायची. बद्रीनाथांनी चपला काढल्या आणि लोखंडी शिडी धरली.

आता, दुष्काळात शहाणासुरता माणूस पाण्याच्या टाकीवर चढला तर लोकांनी काय समजायचं? आपल्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. बद्रीनाथ निम्मी शिडी चढेपर्यंत खाली माणसं जमली. पंडितराव धावत आले.

"शाब्बास! आंदोलन असंच करावं लागतं," ते ओरडले. "पर निवेदन कुटं हाय? निवेदन देल्याबिगर वर जायाचं नसतं!"

पाठोपाठ ग्रामसेवक आले. त्यांनी रडकुंडीला येऊन विनवलं, "सचिवसाहेब, तुम्ही सहकारातली माणसं. तुम्हीच असं केलं तर कसं? मागण्या सांगा, मी आत्ता वर कळवतो."

बद्रीनाथांना यातलं काही ऐकू गेलं नाही. ते माथ्यावर पोचले, घाम पुसला आणि तळ्यावर गेले. पूर्वेच्या डोंगरावर नगरकरांची फौज उभी होती. घाटावर आपली माणसं रांगेत उभी होती, व्हिएतनामचा सर्वांत पुढे. म्हैस पाण्यात डोळे मिटून बसली होती.

तेवढ्यात गावात आंदोलन चालू आहे आणि आपण तिथे नाही, हे सहन न होऊन सुंदररावही जीप घेऊन टाकीखाली आले. त्यांच्या कानाला मोबाइल होताच. त्यामुळे ते जे बोलले ते बद्रीनाथांना फोनमधूनही ऐकू आलं आणि खालूनही आलं.

"बद्रीनाथ! सभा घेतो, ठराव लिही. तळं समोरच्या मंडळाला सामोपचारानं देन्यात यावं. सूचक मी. अनुमोदक कुनालाबी लाव. सर्वानुमते मंजूर. लिहिलंस का?"

बद्रीनाथांचा हात सवयीने खिशाच्या पेनकडे गेला. मग त्यांनी एकदा पाण्याकडे बघितलं. घोट्याभोवती वर्तुळं उठत होती. त्यांनी पेनवरचा हात काढला.

"नाना," ते म्हणाले, "माझा विरोध हाय."

"काय मनलास?"

"विरोध हाय. सर्वानुमते न्हाई. एक मत विरोधात."

खाली उभ्या असलेल्या माणसांनी गेल्या वीस वर्षांत असलं काही ऐकलेलं नव्हतं. सचिव चेअरमनला नाही म्हणाला, आणि तोही टाकीवरून, साऱ्या गावादेखत! कुणीतरी टाळी वाजवली. बायकांनी वाजवली. ग्रामसेवकाने घाबरून वर फोन लावला आणि परिस्थिती हाताबाहेर चालली असल्याचं कळवलं. सुंदररावांनी गॉगल काढला. पुसला. आणि एका बोटाने तळ्याचा दरवाजा उघडला. ते बटण शोधायचं मात्र त्यांनी शिकून घेतलं होतं.

फौज आत आली. अध्यक्षानेच दरवाजा उघडल्यावर कोण लढणार? जळगावची माणसं गेली, हिंगोलीची गेली. व्हिएतनामचा तेवढा थांबला, लढला आणि पडला. घाटाच्या शेवटच्या पायरीवर वैद्य एकटे उभे होते. वैद्याच्या काठीने कुणाला मारता येत नाही. त्यांना एवढंच येत होतं, की मार खायचा आणि स्वतःवरच काठी फिरवून पुन्हा उभं राहायचं. ते उभे राहत होते. पन्नास माणसं एकदम अंगावर आली तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "गर्दी करू नका. रांगेत या." नगरकरांतला कुणीतरी हसला, आणि खरं सांगायचं तर क्षणभर दोघंतिघं रांगेत उभेही राहिले.

मग काठी फिरवायची ताकद संपली.

खाली भोंगा वाजला. ग्रामसेवकाच्या फोनने जवळच्याच रस्त्यावरचा एक टँकर इकडे वळवला होता. गर्दी हंड्यांकडे पळाली. सुंदरराव जीपच्या बॉनेटवर उभे राहून हा टँकर आपणच मागवल्याचं सांगत होते, आणि लोक त्यांना बाजूला व्हा म्हणत होते. मुक्ताबाईंनी आपला हंडा छबुबाईच्या हाती दिला, पदर खोचला आणि शिडी धरली. नवरा टाकीवर एकटा बसलेला असताना रांगेत उभं राहणं त्यांना जमेना.

त्या वर पोचल्या तेव्हा बद्रीनाथ पाय सोडून बसले होते. त्या धापा टाकत शेजारी बसल्या.

"गेलं का?"

"गेलं."

मुक्ताबाईंनी मोबाइलमध्ये वाकून बघितलं. संध्याकाळ होती. घाटाशी, ढोपरभर पाण्यात, पांढऱ्या दाढीचा माणूस उताणा पडला होता. पाणी त्याच्या दाढीवरून जात होतं, परत येत होतं.

"हे तुमीच ना?"

"मीच."

"आन हे बटन कशाचं हाय?"

"दाबलं की जित्ता व्हतो. पर मग उठतो ते तिकडं शहराच्या चौकात. तळ्यावर पाय ठिवता येत न्हाई परत. आपलं ऱ्हायलं न्हाई ना ते."

"आन न्हाई दाबलं तर?"

"तर असाच. पान्यात."

टाकीचं सिमेंट खालून भाजत होतं. हंडे एकमेकांवर आपटत होते, कुणीतरी कुणाच्या तरी नंबरावरून भांडत होतं. बद्रीनाथांचा अंगठा त्या बटणावर जाऊन थांबला होता. मुक्ताबाईंनी तो हलकेच धरला आणि बाजूला केला.

"मग ऱ्हाऊ द्या की," त्या म्हणाल्या. "एवढ्यात उटून कुटं जायचंय?"